लिपनीकरांना गाव कुठले?

उंबरमाळला येणाऱ्या पाहुण्याला पहिल्यांदा खटकते ते आडनाव. वेशीजवळच्या दुकानावर लिपनीकर, दूध संस्थेच्या पाटीवर लिपनीकर, शाळेत हजेरीला उभी राहणारी निम्मी मुले लिपनीकर. आपल्याकडे आडनावाला 'कर' लागला की मागे कुठेतरी ते गाव असायचेच. पण लिपनी नावाचे गाव ना कोल्हापूरच्या आसपास, ना वर कऱ्हाडकडे, ना खाली कोकणात. "मग तुम्ही मूळचे कुठले?" असे कोणी विचारलेच, तर म्हातारे महादबा लिपनीकर काठी टेकत त्याला गावामागच्या टेकाडावर नेतात, खडकावर बसवतात आणि म्हणतात, "आमचं गाव लई लांब हाय. आमच्यातलं कुणीच कधी तिथं गेलं न्हाई."

असे सांगतात, की मोठ्या लढाईच्या काळात या टेकाडाच्या पायथ्याशी पोलंडच्या बायकामुलांची वस्ती होती. त्यांना आधी घरातून उठवून बर्फाच्या मुलखात नेले, तिथून सुटली ती इराणमार्गे, बोटीने, आगगाडीने इथवर आली. त्यांत हालिना नावाची मुलगी होती. शिकलेली, चार भाषा वाचणारी, पण जिवाने फार हळवी. भांडे पडले तरी दचकायची. दारावर थाप पडली की आधी मागच्या दाराकडे बघायची. आईबाप वाटेतच गेले. भाऊ विटोल्ड फौजेत गेला, आणि जाताना त्याला एवढेच ठाऊक होते की बहीण या वस्तीत पोचणार आहे.

लढाई संपली, वस्ती मोडली. बायकामुले बोटीने दूरदेशी निघाली. हालिना गेली नाही. ती बाजारात भाजी विकणाऱ्या तानूबाईच्या घरी येऊन बसली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मी गेली, तर भाऊ कुठे येणार?" तानूबाईने तिच्यासमोर भाकरी ठेवली. तेच उत्तर होते म्हणे.

पण धास्ती जाईना. मागे राहिलेल्यांना शोधून जबरदस्तीने बोटीवर चढवतात, असे तिने ऐकले होते. म्हणून तिने घरातल्या सगळ्यांना बजावले, की भावाखेरीज कोणीही विचारले तर मी इथे नाही. आणि भाऊ ओळखावा म्हणून आपले नाव त्यांच्याकडून घोकून घेतले: हालिना लिपनित्स्का. तानूबाईचा दीर शिदबा तर मोट हाकतानाही 'लिपनित्स्का, लिपनित्स्का' म्हणायचा. बैलांनाही पाठ झाले असेल, असे लोक हसायचे.

गुऱ्हाळांचे दिवस होते. एका दुपारी शिदबा छाती फुगवून घरी आला. थेट हालिनासमोर उभा राहिला.

"ताई, तुझं संकट परतवून लावलं बघ!" तो म्हणाला. "मोकळ्या वस्तीत एक गोरा फिरत होता. फौजेचा डगला, पाय जरा ओढत चाललेला. हालिना, हालिना करत होता. मी म्हटलं, तू कोण? तर छातीवर हात मारून मोडक्या मराठीत म्हणतो, भाऊ! पण मी काय कच्चा हाय? म्हटलं, आडनाव सांग. तर गडी म्हणतो, लिपनित्स्की!"

"मग?" हालिनाने विचारले.

"मग काय! बहीण 'का' आन् भाऊ 'की'? एका बापाच्या लेकरांचं आडनाव निराळं कसं असंल? तुझं लगीन बी झालेलं न्हाई. म्हटलं, सगळ्या गेल्या बोटीनं, जा तूबी. मान खाली घालून गेला बिचारा माळावरनं, पुढच्या टेसनाकडं."

घोटाळा हालिनाच्या लगेच ध्यानात आला. तिच्या देशात एकच आडनाव पुरुषाला 'की' आणि बाईला 'का' लावून चालते, हे सांगायचे तिला कधी सुचलेच नव्हते. सूर्य पूर्वेला उगवतो हे कोण कोणाला सांगते?

तिने कशीबशी समजूत घातली तेव्हा शिदबाच्या तोंडचे पाणी पळाले. "भावजी, बघत काय बसलाय? पळा की!" तानूबाई ओरडली आणि स्वतःच हालिनाचा हात धरून टेकाडावर धावली.

वरून सगळा माळ दिसत होता, पण उभ्या उसात माणूस कुठला दिसायला! हालिनाने हाक मारली. जन्मात कधी मोठ्याने न बोललेली ती. आवाज चार हातांवरच पडला. पुन्हा मारली. खाली प्रत्येक गुऱ्हाळावर इंजिन धडधडत होते.

"थांब," तानूबाई म्हणाली. "आम्ही समदी हाकारतो. पण ते लिपनित्स्की कुणाच्या जिभंला वळायचं? त्याचा अर्थ तरी काय गं?"

हालिना सांगू लागली. घाबरली की ती हेच म्हणायची, आईने पाठ करून घेतलेले. विटोल्डचा बाप वालेंती, वालेंतीचा बाप यात्सेंती, तो मधाची पोळी राखायचा; त्याच्या आधीच्यांची नावे गेली, गाव तेवढे राहिले. लिपनित्सा. लिपा नावाच्या झाडांचे गाव. आणि 'स्की' म्हणजे तिथला.

तानूबाईने कपाळाला हात लावला. "अगं, म्हंजे लिपनीकर! मग आधीच न्हाई का सांगायचं?"

आणि तिने पदर खोचून हाक दिली, "लिपनीकर होऽऽ!"

ती हाक पहिल्या गुऱ्हाळावर पडली. तिथला गुळव्या ऐन कढावरच्या काहिलीशी उभा होता. म्हणे त्याने इंजिन बंद करायला लावले, हातातला फावडा टाकला, आणि रस करपतो आहे हे डोळ्यांनी दिसत असताना बांधावर चढून पुढे हाक दिली. मग दुसरे गुऱ्हाळ थांबले, मग तिसरे. ऊस तोडणाऱ्यांनी कोयते खाली ठेवले, धनगराने मेंढरे सोडून हाक उचलली. कोणाला ठाऊक नव्हते लिपनीकर कोण. कोणीतरी गावचा माणूस चुकून पुढे चाललाय, त्याला वळवायचे आहे, एवढे पुरले. त्या दिवशी उंबरमाळचा गूळ काळा झाला. बाजारात कोणी हातात घेतला नाही, आणि त्याबद्दल कोणी कुरकुरलेही नाही.

तानूबाईच्या घराला, आणि मग हाक उचललेल्या कितीतरी घरांना, लोक तेव्हापासून लिपनीकर म्हणू लागले. महादबा तिचेच नातू. आजही गुळाचा हंगाम सुरू झाला की एका दुपारी उंबरमाळची सगळी गुऱ्हाळे घटकाभर थांबतात. गावात आलेली नवी सून असो की परगावचा पाहुणा, त्याला टेकाडावर उभे करून त्याच्या मूळ गावाच्या नावाने हाक द्यायला लावतात. आवाज बारीक असला तरी चालतो, पुढचे लोक उचलतात. हाक देऊन झाली की सगळा माळ गप्प राहतो, कारण त्या दुपारी सगळे असेच गप्प उभे होते म्हणे. शेवटची हाक ओढ्यापलीकडे गेली होती. उत्तर नाही. शिदबा धावता धावता थांबून रडत होता. वारा पडला होता.

तेव्हा हालिनाने तानूबाईचा हात सोडला. ती खडकाच्या कडेला गेली, आणि जो आवाज तिच्याजवळ नाही असे तिला वाटत आले होते, त्या आवाजात ओरडली, "लिपनीकर! विटोल्ड लिपनीकर!"

ओढ्यापलीकडच्या उसात पाने हलली. चालता चालता कोणीतरी थबकले असावे. परक्या मुलखात, परक्या शेपटाचे, पण आपल्याच गावाचे नाव.

आणि तिकडून, दमलेल्या, फाटलेल्या गळ्याने, कोणीतरी तिच्या भाषेत 'मी आहे' म्हणाले:

"येस्तेम!"