मंत्रिमहोदयांचा उशीर

राज्यात नवा कायदा झाला. आग विझवताना मरण आलेल्या बंबवाल्यांची नावं दरवर्षी मंत्र्यांनी जाहीरपणे वाचायची आणि निवृत्त झालेल्यांना पुढच्या रांगेत मानानं बसवायचं. आमच्या गावी पहिला कार्यक्रम सकाळी नऊचा ठरला आणि मंत्रिमहोदय उगवले साडेअकराला. तोवर जुने गणवेश घालून आलेले म्हातारे बंबवाले उन्हात घामाघूम झाले होते.

हारतुरे घेऊन मंत्री म्हणाले, "उशीर झाला खरा, पण मोठ्या माणसामागं कामं असतात. शिवाय हा कायदा मीच केलाय, तेव्हा कुणाची तक्रार नसावी." आणि समोरच बसलेल्या इब्राहिम मुजावरांना त्यांनी विचारलं, "काय चाचा, आहे का तक्रार?"

मुजावरांनी तीस वर्षं बंबावर काढलेली. ते सावकाश उठले आणि गावच्या मेलेल्या बंबवाल्यांची नावं कोरलेल्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "तक्रार कसली, साहेब? हे अकरा जण तुमच्यासारखे उशिरा पोचले असते, तर आज माझ्या शेजारी खुर्चीत बसले असते."

मंत्र्यांचा स्वीय सहायकच आधी फिसकन हसला. मंत्र्यांनी भाषणाचे कागद खिशात कोंबले आणि अकराही नावं निमूट वाचली.

पुढच्या वर्षी ते आठलाच हजर झाले, तेव्हा मांडववाला अजून टेम्पोतून खुर्च्या उतरवत होता.