फजितीवाला आणि न संपणारा तांब्या

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्यावं. गोष्ट जशी येते तशी सांगतो.

फार पूर्वी जत्रांमधून तंबू ठोकून जादूचे खेळ करणारी एक मंडळी होती. तिच्यात दोन जादूगार होते. थोरला उस्ताद दोरी कापून जोडायचा, रिकाम्या टोपलीतून कबुतरं काढायचा. धाकट्याला सगळे फजितीवाला म्हणत, कारण त्याची जादू मुद्दाम फसायची. रुमालाचं फूल करायला जावं तर त्याचीच टोपी नाहीशी व्हायची. तो ती तंबूभर शोधायचा आणि टोपी त्याच्याच पाठीला लटकत असायची. लोक हसून हसून डोळे पुसत. खेळ संपला की मात्र तो कुणाशी चार शब्द बोलायचा नाही.

सगळ्यात गाजलेला खेळ होता न संपणाऱ्या तांब्याचा. उस्ताद तांब्या उपडा करून रिकामा दाखवायचा. थोड्या वेळाने पुन्हा ओतायचा, तर पुन्हा पाणी. जादू शिकवताना गुरूंनी दोघांना शपथ घातली होती, की जीव गेला तरी हे गुपित फोडायचं नाही.

एका गावात भलतंच झालं. खेळाच्या दुसऱ्या दिवशी एक बाई तापाने फणफणलेलं चारेक वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन तंबूशी आली.

"महाराज, त्या तांब्यातलं घोटभर पाणी द्या. जे संपत नाही ते काही साधं पाणी नव्हे."

उस्ताद आधी गडबडला, पण त्याने पाणी दिलं. मग नारळ घेऊन आणखी माणसं येऊ लागली. बाईही रोज येत होती.

"उस्ताद, हे बरं नाही," फजितीवाला म्हणाला.

"मी कुठं म्हटलं औषध आहे म्हणून? ते म्हणतात. आपण गप्प बसायचं."

"लेकराचा ताप वाढतोय. नदीपलीकडे वैद्य आहेत, पण ती जातच नाही."

"मग तू सांग की तिला."

त्याने सांगून पाहिलं. बाई उलट हसली. "तुमची जादू रोज फसते, दादा. तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

त्या संध्याकाळी बाई अगदी पुढे बसली होती. मांडीवरचं लेकरू आता रडतही नव्हतं. फजितीवाल्याने पडद्याआडून ते पाहिलं. शपथ मोडली तर मंडळीत जागा नाही, आणि मंडळीबाहेर त्याचं कुणी नव्हतं. मग त्याची पाळी आली तसा तो तांब्याच उचलून लोकांसमोर गेला.

"आज मीच उस्ताद," तो म्हणाला, आणि लोक हसू लागले.

त्याने तांब्या ओतून रिकामा दाखवला. मग काठाखालचा अंगठा हळूच उचलला आणि तांब्याला कान लावला. "आत कुणीतरी गुळण्या करतंय."

"फजित्या, अंगठा कशाला उचललास? चावला का तांब्या?" मागून कुणीतरी ओरडलं.

"चावला नाही. इथं भोक आहे, ते झाकलं होतं."

त्याने तांब्या उंच धरला. काठाखाली मोहरीएवढं भोक होतं. "याच्या पोटात दुसरं पोट आहे. भोक झाकलं की पाणी तिथं अडून राहतं. सोडलं की येतं." मग खाली उतरून त्याने तांब्या त्या बाईच्या हातात दिला. "ताई, तुम्हीच करून बघा."

बाईने तांब्या कलता करून भोकावर अंगठा ठेवला. पाणी थांबलं. अंगठा उचलला, पाणी आलं.

"हे तुमच्याच विहिरीचं पाणी आहे. रोज सकाळी मीच भरतो. लेकराला वैद्यांकडे न्या."

आता कुणी हसलं नाही. बाईने तांब्या खाली ठेवला आणि लेकराला छातीशी धरून उठली. "चल, मी गाडी जुंपतो," म्हणत मागचा एक शेजारी तिच्यामागे धावला.

तंबू रिकामा झाल्यावर उस्ताद म्हणाला, "गुरूंची शपथ मोडलीस. उजाडलं की तुझी वाट धर."

"गुरूंनी खेळ झाकायला सांगितलं होतं, उस्ताद. ताप झाकायला नाही."

उस्तादाने खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि तो पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फजितीवाला गाठोडं घेऊन निघाला. नदीच्या उतारावर तीच गाडी परत येताना भेटली. बाईचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा होता.

"ताप उतरायला लागलाय. वैद्य म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर..." तिने लेकराला जवळ ओढलं.

लेकराच्या हातात पाण्याचं साधं भांडं होतं. त्याने काठाखाली अंगठा ठेवला, उचलला, आणि फजितीवाल्याकडे पाहिलं. "येत नाही. तुम्ही करा ना."

पण तांब्या तर मंडळीचा होता. फजितीवाल्याने गाठोडं गाडीत टाकलं आणि तांब्या मागायला तो गाडीबरोबर मागे फिरला.

तंबूच्या दाराशी उस्ताद मांडीवर रिकामा तांब्या घेऊन बसला होता. भोवती पोरांची गर्दी होती. नारळ कुणाच्याच हातात नव्हता.

"विहिरीवर जायला उशीर केलास," उस्ताद मान वर न करता म्हणाला. "ही पोरं केव्हाची थांबलीत. म्हणतात, कसं होतं ते कळलं, आता करून दाखवा."

फजितीवाल्याने तांब्या घेतला आणि तो पाणी भरायला गेला.

तात्पर्य: गुपित राखल्याने खेळाला शोभा येते, पण ज्या गुपिताने कुणाचा जीव धोक्यात येतो, ते वेळीच उघडं करणारा माणूसच आपल्या कलेशी इमान राखतो.