उसना दांडा

खूप जुनी गोष्ट आहे, मंडळी. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव विचारलंत तर मला सांगता येणार नाही, आणि सांगून तुमच्या पदरात काही पडणारही नाही. त्या राजाच्या राज्यात वर्षातून एकदा रथांची शर्यत व्हायची. वळणं नाहीत, फेरे नाहीत, नुसती हजार पावलांची सरळ धाव. दोन रथ शेजारी शेजारी उभे राहायचे, नगारा वाजायचा, आणि बघता बघता निकाल लागलेला असायचा.

पण धाव संपली, की पुढे दीडशे पावलांवर दरी होती. वाकून बघितलं तरी तळ दिसू नये, एवढी खोल.

म्हणून राजाने नियम केला होता, की आधी प्रत्येक रथाची तपासणी व्हायची. आस बघायचा, चाकांच्या खिळी बघायच्या, लगाम ओढून बघायचे, आणि सगळ्यात शेवटी दांडा बघायचा. दांडा म्हणजे खैराचं जाडजूड लाकूड. ते चाकांना लागून चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेलं असायचं. पायाने दाबलं, की दोन्ही चाकांवर घासायचं आणि रथ थांबायचा. सगळं ठीक असेल तर तपासनीस चाकावर गेरूची खूण करायचा. खूण नाही, तर शर्यत नाही.

त्या गावात रंभाजी नावाचा एक माणूस होता. त्याच्या बापाचा रथ वीस वर्षं गोठ्यामागे गवताखाली पडून होता. जुन्या घडणीचा, रुंद छातीचा, चार घोडे लागतील असा दांडगा रथ! रंभाजीने आणि त्याच्या धाकट्या भावाने, हैबतीने, तो बाहेर काढला. दोघांनी दोन महिने घाम गाळला. कुजलेले आरे काढून नवे बसवले. लोहाराकडून चाकांना नवी धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवून आणली. वंगण घातलं, पितळ घासलं, लाकडाला करंजाचं तेल पाजलं. रथ हलायला लागला, तेव्हा हैबती लहान मुलासारखा नाचला. रथ तोच हाकणार होता.

राहता राहिला दांडा. जुना भुंग्याने खाल्लेला. सुतार म्हणाला, "नवा करून देतो, पण लाकूड ओलं आहे. दोन पावसाळे वाळायला हवं. ओलं बसवलंस तर पहिल्याच दाबाला फाटेल."

शर्यतीला उरले होते चार दिवस! रंभाजीने कपाळावर हात मारला.

आता त्या गावची एक रीत सांगतो. रीत कसली, खोडच ती. सुभानअण्णा नावाचा एक शेजारी होता. त्याने खैराचा ओंडका चुलीवरच्या माळ्यावर ठेवून दोन वर्षं धुरात वाळवला होता आणि त्याचा दांडा केला होता. असा दांडा अख्ख्या गावात एकच. मग तपासणीच्या दिवशी काय व्हायचं? सुभानअण्णाची खूण झाली, की मागचा माणूस तोच दांडा सोडून आपल्या रथाला बांधायचा. त्याची खूण झाली, की त्याच्या मागचा. रांगेच्या शेवटापर्यंत पोचला, की दांडा अण्णाकडे परत. बाकीचे शर्यतीत लगाम ओढून, अर्ध्या वाटेतच वेग मारून कसेबसे थांबायचे. थांबायचे म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट हसायचे लेकाचे! तपासणी म्हणजे तोंडदेखलं काम, असं समजून चालायचे.

शर्यतीच्या सकाळी रंभाजीनेही तेच केलं. अण्णाच्या पाठोपाठ उभा राहिला. अण्णा म्हणाला, "ने रे बाबा. फक्त माझं नाव पुकारायच्या आत परत आण."

"अण्णा, ही काय सांगायची गोष्ट झाली?" रंभाजी म्हणाला.

तपासनीस होता राजाचा एक म्हातारा सुतार. डोळ्यांनी अधू झालेला, पण बोटांनी लाकडाची नसन् नस ओळखणारा. त्याने आस चाचपला, खिळी हलवून बघितल्या, लगामांना हिसका दिला. मग त्याचा हात दांड्यावर आला आणि तिथेच थांबला.

"हा दांडा," म्हातारा हळूच म्हणाला, "मघाशी मला भेटून गेला."

मागच्या रांगेतलं हसणं बंद झालं.

"नियमात लिहिलंय, रथाला दांडा असावा. दांडा आहे. तेव्हा खूण करणं मला भाग आहे." म्हाताऱ्याने गेरूत बोट बुडवलं. "पण मला सांग, हा रथ हाकणार कोण?"

"माझा धाकटा भाऊ."

"बरं," म्हातारा म्हणाला, आणि खूण केली.

रंभाजी तपासणीच्या मांडवाबाहेर आला तो चरफडतच. म्हाताऱ्याला काय पडलंय, असं मनाशी म्हणाला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. तेवढ्यात मागच्याने त्याचा हात धरला. "रंभाजी, दे ना दांडा, उशीर होतोय." रंभाजीने दिला सोडून. त्याने त्याच्या मागच्याला दिला. आणि दांडा निघाला रांगेतून.

दरवर्षी सगळ्यांची तपासणी झाल्यावरच शर्यत सुरू व्हायची. त्या वर्षी राजा लवकर आला. राजाला कोण थांबवणार? रांग अजून अर्धीच झाली होती आणि इकडे पहिलं नाव पुकारलं गेलं, सुभानअण्णाचं. त्याच्या जोडीला हैबती.

अण्णा रेषेवरून ओरडला, "रंभाजी! दांडा?"

"आणतो, आणतो!" म्हणत रंभाजी मांडवाकडे पळाला. तिथे दांडा नवव्या रथाला बांधलेला होता. "सोड, अण्णाचं नाव लागलंय!" तो म्हणाला.

"जरा दम धर की," नववा म्हणाला. "एवढी खूण होऊ दे."

"अरे, त्याला धावायचंय!"

"मग मला नाही धावायचं?"

बाहेर नगाऱ्यावर पहिली टिपरी पडली. तिसऱ्या टिपरीला रथ सोडायचे. जो सुटला नाही, तो त्या वर्षी बाद. रंभाजीने दांड्याला हात घातला, पण पट्ट्यांची गाठ पक्की बसलेली. नखं तुटली, गाठ सुटेना. दुसरी टिपरी पडली.

रंभाजी तसाच माघारी पळत सुटला. रेषेवर हैबतीचे चारही घोडे खूर आपटत होते. तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे दरी आली, आणि दरीच्या तोंडाशी लगाम ओढणारा हैबती आला. म्हाताऱ्याचा प्रश्न आत्ता कुठे त्याला पुरता कळला. त्याने घोड्यांच्या पुढ्यात स्वतःला झोकून दिलं आणि लगामाला लोंबकळला.

"उतर! हैबती, उतर खाली!"

"दादा, सोड! लोक हसतील!"

"हसू देत! उतर म्हणतो ना!"

त्याने भावाला हाताला धरून खाली ओढलं. मग वळून ओरडला, "अण्णा, तुम्हीही थांबा! दांडा नाही मिळाला!"

अण्णाने क्षणभर मागे बघितलं. मग हसून म्हणाला, "एकदा नाही बांधला तर काय आभाळ कोसळतंय? सगळे थांबतातच की!"

तिसरी टिपरी पडली आणि अण्णाचा रथ सुटला.

आता नीट ऐका. बाकीचे लोक दांड्याशिवाय थांबायला शिकले होते. कुठून वेग मारायचा, लगाम कधी ओढायचा, हे त्यांना ठाऊक होतं. अण्णाला ते ठाऊकच नव्हतं. दांड्याशिवाय तो जन्मात कधी धावला नव्हता. तो शेवटच्या पावलापर्यंत भरधाव गेला, जसा दरवर्षी जायचा. धाव संपली तेव्हा त्याने लगाम ओढले आणि सवयीने पाय खाली दाबला. पायाखाली काही नव्हतं.

घोड्यांनी मान वळवली, रथ आडवा झाला, धुळीचा लोट उठला. धूळ खाली बसली तेव्हा दरीच्या काठावर कुणीच दिसलं नाही.

अण्णाची बायको धावत आली. तिने आकांत केला नाही. रांगेतल्या एकेका रथापाशी जाऊन ती विचारत राहिली, "त्यांचा दांडा कुणाकडे आहे?" ज्याला विचारावं, तो मान खाली घालायचा. दांडा तोवर अकराव्या रथाला बांधून झाला होता, आणि अकराच्या अकरा रथांच्या चाकांवर गेरूची खूण होती.

रंभाजी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. "वहिनी, भावाची आठवण झाली मला वेळेवर. पण ज्याचा दांडा घेतला, त्याला नाही वाचवलं."

म्हातारा तपासनीस काठी टेकत आला. गेरूचं वाडगं त्याने जमिनीवर पालथं घातलं. "बोटांना कळलं होतं," तो म्हणाला. "तरी मी नियमाच्या आड लपलो." त्या वर्षीची शर्यत तिथेच मोडली. पुढच्या वर्षापासून तपासणी मांडवात होईनाशी झाली. ती सुरुवातीच्या रेषेवर, नगाऱ्याच्या आधी, दोन्ही रथ जोडून उभे असताना होऊ लागली. आणि रंभाजीने खैराचा ओंडका आणून चुलीवरच्या माळ्यावर ठेवला. दोन वर्षं त्याचा रथ गवताखालीच राहिला.

तर लहानथोर मंडळी, एवढंच लक्षात ठेवा: दुसऱ्याला दाखवण्यापुरती घेतलेली काळजी ऐनवेळी कुणाच्याच कामी येत नाही.