सातने गुणल्यावर

निवृत्त प्राचार्य आबासाहेब गणपुले मुलासाठी मुलगी बघायला निघाले, ते आपल्या गणिताचा तोरा मिरवतच.

वेदवती समोर येऊन बसते न बसते तोच आबासाहेबांनी सुरुवात केली. “१,४२,८५७ ही संख्या घे. हिला दोनापासून सहापर्यंत कशानेही गुण, तेच सहा अंक नुसत्या जागा बदलतात. आमचं घरही तसंच. सहा माणसं. त्यातला सगळ्यात मोठा अंक आठ म्हणजे मी आणि सगळ्यात लहान एक म्हणजे ही माझी विधवा बहीण, अक्का. आता सांग, या घरात तुझी जागा कुठली?”

दाराशी सतरंजीच्या कडेला बसलेल्या अक्कांनी मान खाली घातली. वेदवतीला ते बघवेना.

“मी सातवी,” ती म्हणाली. “सातने गुणून बघा ना.”

आबासाहेबांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि मग बोटांवर पुन्हा पडताळून पाहिला.

“काय रे आलं?” अक्कांनी भीतभीत विचारलं.

“९,९९,९९९. सगळे नऊ आले, अक्का,” वेदवती हसली. “नवाहून मोठा अंकच नाही. आता घरात तुमच्याहून मोठं कुणी नाही. आणि आबासाहेब, तुमचंही काही कमी झालं नाही हं. आठाचे नऊच झालात!”

आबासाहेब उठले. आपली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून दाराशी नेली.

“अक्का,” ते म्हणाले, “वर बस.”