सगळ्या नियमांतून सुटलेला राजा

एका राज्यात उदयकेतू नावाचा राजा होता. एकदा त्याने वडाच्या ढोलीत अडकलेल्या कालभृंग मांत्रिकाला सोडवलं. मांत्रिक म्हणाला, "वर माग."

"मला कुठलाच नियम लागू नसावा."

"दिली माफी!" म्हणून मांत्रिक दिसेनासा झाला.

राजा हरखला. नदीत उतरला, कोरडा वर आला. निखाऱ्यांवरून चालला, पोळला नाही. मग जेवायला बसला. परातभर जेवला, भूक काही भागेना. जेवलं की पोट भरतं, हाही नियमच की! आठ दिवसांत राजा वाळून काडी झाला. वैद्यांनी हात टेकले. राणी कमलजा देवापुढे बसली.

तेव्हा तिची मैना बोलली, "बाई, दिलेली माफी मांत्रिकालाही परत घेता येत नाही. पण स्वतःच स्वतःला घातलेला नेम त्या माफीत येत नाही. राजाने असे तीन नेम आपणहून धरावेत. तिसरा मोडला, तर प्राण जाईल."

राणीने हे सांगताच राजा उसळला. "अगं, मी राजा! मला आज्ञा कोण करणार?"

"माझ्या सोळा सोमवारांची आज्ञा मला कुणी केली होती? मीच माझ्यावर केली. तेवढं राज्य माझं होतं, महाराज. तुमचं नाही?"

राजा ओशाळला. त्याने पहिला नेम धरला, गोठ्याचं पाणी स्वतः भरायचं. घागर हिंदकळली, खांदा भिजला. दुसरा धरला, चूल स्वतः पेटवायची. बोटाला चटका बसला. "पोळलं गं!" म्हणत राजा चक्क हसला. राणीने लोणी लावलं. तिसरा नेम, अतिथी जेवल्यावाचून घास घ्यायचा नाही.

राणीने भाकरी वाढून ठेवली. सकाळ गेली, दुपार कलली, दारी कुणी फिरकेना. राजाची मान लुळी पडली. राणीच्या जिवाचं पाणी पाणी झालं, पण "जेवून घ्या" हे शब्द तिने ओठांबाहेर येऊ दिले नाहीत.

इतक्यात दारात कालभृंग उभा! "वेड्या, तुला सगळंच माफ आहे. जेव, मरतोस कशाला?"

राजा भिंत धरून उठला. "नेम माझा आहे. त्यातून सूट देणारे तुम्ही कोण? पाट मांडलाय, बसा. आजचे अतिथी तुम्हीच."

मांत्रिक निमूट बसला, निमूट जेवला. उरलेल्या चतकोरातला घास राजाने तोंडात घातला, आणि त्याला तृप्तीचा ढेकर आला.

"राणी, पोट भरलं!"

कालभृंगाने जाताना हात जोडले, ते राजाला नव्हे, राणीला. तिनेही मान ताठ ठेवूनच नमस्कार घेतला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली, जो नियम रयतेला, तोच राजाला. ज्याने आपला नेम आपण राखला, त्याच्या घरचं अन्न त्याच्या अंगी लागो!