गाढवाला पाच तोफा

सनई-चौघडा वाजत होता, पुढे दोन भालदार चालत होते आणि मधोमध खजिनदार दंडाची थैली डोक्यावर घेऊन निघाले होते. थैली खजिन्याच्या डाव्या दारातून बाहेर पडली, चौकाला वळसा घालून उजव्या दारातून आत गेली. राजा प्रचंडसेनाने स्वतःच्याच फौजेला दंड ठोठावला होता आणि तो असा वाजतगाजत वसूल झाला होता!

कायदाच तसा होता. जो नदी घाण करील त्याला दंड, मग तो कोणीही असो. आणि नदी घाण करत होता धडाडगडावरचा फौजेचा दारूखाना. तोफांची दारू बनवताना उरलेलं गंधकाचं पिवळं पाणी सरळ नदीत सोडलं जायचं. दंड भरायचा राजाच्या खजिन्यातून आणि जमा व्हायचा राजाच्याच खजिन्यात. यात घाण करणाऱ्याचं काय गेलं, असं विचारायचं कुणाला सुचलं नाही. सगळे खूश होते.

दारूखाना सांभाळणारे किल्लेदार मानाजीराव तर मिशीला पीळ देत म्हणाले, "महाराज, यंदा दंडाची वसुली दुप्पट! पुढच्या महिन्यात आणखी घाण सोडू, म्हणजे खजिना ओसंडून वाहील!"

"शाबास!" राजा म्हणाला.

तेवढ्यात गर्दीतून एक पिवळंधमक धोतर राजाच्या पायाशी येऊन पडलं.

"म्हाराज, ह्ये पांढरं हाय!" गजरा परटीण पुढे येत म्हणाली. "म्हंजी सकाळी व्हतं. घाटावर धुतलं आन् ह्ये आसं झालं! गावानं मला कापडं द्यायची बंद केली. आता माजी चूल कशी पेटायची?"

"अगं, पण आम्ही दंड केलाय ना!"

"कुनाला केला, म्हाराज? थैली फिरून घरी आली. पानी हाय तसंच पिवळं!"

राजा हट्टी, त्यात चारचौघांत ऐकून घ्यावं लागलेलं. त्याचा पारा चढला.

"एवढी शहाणी आहेस, तर दुसरा दंड तूच सांग! पण माझ्या खजिन्यातून कवडी जाता कामा नये. दारूखाना बंद पडता कामा नये. एकाही शिपायाच्या अंगाला हात लागता कामा नये. आणि तरीही नदी स्वच्छ झाली पाहिजे! नाही जमलं, तर घाट सोडून चालती हो!"

किल्लेदार खो खो हसले. गजराने पदर खोचला.

"किल्लेदारसायेब रोज सांजच्याला गडावर येत्यात, तवा तोफा उडत्यात न्हवं?"

"पाच!" मानाजीरावांची छाती फुगली. "आमचा पिढीजात मान आहे तो!"

"मग आज पानी पिवळं, तर एक तोफ कापा. उद्याबी पिवळं, तर दोन. परवा तीन!"

"आणि कापलेल्या तोफेचं काय करायचं?" किल्लेदार खेकसले. "सकाळी पाचही तोफा ठासून ठेवतात. ठासलेली तोफ न उडवता रिकामी करणं म्हणजे अपशकुन! गडाची रीत आहे ती!"

"रीत कशाला मोडायची? ज्याचं नुकसान झालं, त्याला द्या की सलामी. माजं गाढव त्याच येळेला घाटावरनं येतं. पिवळं पानी पिऊन बिचाऱ्याचं पोट बिघडलंय!"

राजाने बोटांवर हिशेब केला. खर्च? शून्य! "मंजूर!" तो म्हणाला.

त्या संध्याकाळी किल्लेदार घोड्यावरून ऐटीत दरवाजाशी आले. चार तोफा उडाल्या. ते पाचवीची वाट बघत ताठ बसून राहिले. पाचवी उडेना. मागून गजराचं गाढव गाठोडं घेऊन आलं, आणि धडाम! पहारेकऱ्यांनी गाढवाला मुजरा केला. गाढवानेही मान हलवली, असं बघणारे सांगतात.

पुढे रोज किल्लेदारांची एक तोफ घटली, गाढवाची एक वाढली. बघायला अख्खी पेठ लोटू लागली. फुटाणेवालेसुद्धा आले! शेवटी मानाजीरावांच्या वाट्याला एकही तोफ उरली नाही, तेव्हा ते चोरदरवाजाने आत शिरले.

घात झाला तो तिथेच. पाच तोफा लागोपाठ ऐकल्या की किल्लेदारीणबाई आरतीचं तबक घेऊन दरवाजाशी यायच्या. मधले चार दिवस तोफा तुटक उडाल्या, म्हणून त्या आल्याच नव्हत्या. नवऱ्याच्या भिडेने पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. तोफा मोजल्या, समोर चार खूर दिसले. त्यांनी भक्तिभावाने ओवाळलं आणि विडा पुढे केला. समोरच्याने विडा खाल्ला, आणि मग तबकातली फुलं, अक्षताही खाऊन टाकल्या!

"इकडची स्वारी समजून मी ओवाळलं हो!" घरी येऊन बाईंनी हंबरडा फोडला. "आणि खरं सांगू? तुमच्यापेक्षा शांत उभं राहिलं!"

मानाजीराव तसेच अनवाणी दारूखान्यात धावले. "खड्डे खणा! घाणीचा एक थेंब नदीत गेला तर याद राखा!" पाणी खड्ड्यांत साठू लागलं, गंधक तळाशी बसू लागलं आणि ते परत कढईत जाऊ लागलं. दारूखाना जोरात चालू राहिला आणि नदी नितळ झाली.

राजा स्वतः घाटावर आला. दोरीवर बगळ्यासारखी पांढरी धोतरं वाळत होती. त्याने गजराला साडीचोळी दिली आणि घाट तिच्या नावे वंशपरंपरा करून दिला. मग मिश्कील चेहऱ्याने म्हणाला, "पण गजरा, एक चूक केलीस! दारूखाना माझा, हुकूम माझा. दंड मात्र फक्त किल्लेदाराला? मला तर एकवीस तोफांची सलामी आहे! मला का सोडलंस?"

"भूतदया, म्हाराज!" गजरा हात जोडून म्हणाली. "एकवीस तोफांचा मान एकट्या गाढवाला सोसायचा न्हाई. पानी पुन्यांदा पिवळं झालं, की दुसरं घेते!"

राजा पोट धरधरून हसला. हसता हसता घाटाच्या पायरीवरच बसला आणि डोळे पुसत खजिनदारांना म्हणाला, "हिला शंभर मोहरा द्या, दुभती म्हैस द्या, मागेल ते द्या! फक्त दुसरं गाढव तेवढं देऊ नका!"