पुलावरच्या होडीच्या फळ्या

कातळवाडीच्या झुलत्या पुलावर अगदी मधोमध तीन फळ्या वेगळ्या आहेत. बाकीच्या सपाट, या मात्र कडेला वर वळलेल्या. पाहुणे तिथे अडखळतात, आणि पुलाच्या तोंडाशी चहाचे दुकान असलेले जयवंतकाका ओरडतात, "आधी हाक मारा, मगे पाय टाका!" पाहुणे चहाला टेकले की काका कारणही सांगतात.

पूल नव्हता तेव्हा राघू तारी होडीतून माणसे पार नेई. काठावरून "तारी होऽऽ" अशी लांब हाक आली की तो निघायचा. नवरी असो की खोत, राघूला हाक मारल्याशिवाय कुणी नदी ओलांडत नसे. मग लोखंडी दोरांचा हा पूल टांगला गेला आणि हाका बंद झाल्या.

राघू पुलावर जळू लागला. कुणी पुलाचे कौतुक केले की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. त्यात त्याची बायको सुभद्रा पलीकडच्या माहेराहून पुलावरून चालत आली आणि वर म्हणाली, "पाळण्यात बसल्यासारख्यां वाटतां ओ!" बारा वर्षे तिला माहेराहून त्यानेच आणले होते. सवत घरात आल्यावर बाईचे व्हावे तसे त्याचे झाले.

सुभद्रा पुन्हा माहेरी गेली तेव्हा एका पहाटे, दाट धुक्यात, राघूने मधल्या तीन फळ्या उचकटून नदीत सोडल्या. जीव कुणाचा घ्यायचा नव्हता म्हणे. काठावर उभे राहून येणाऱ्याला 'पूल मोडला, होडीत बसा' सांगायचे, एवढाच बेत. पण तो उभा राहिला अलीकडे, आणि पूल हलू लागला पलीकडून. धुक्यातून हिरवे लुगडे दिसले. सुभद्रा दोन दिवस आधीच परतत होती.

"थांब!" तो ओरडला. नदीच्या आवाजात ते कुठच्या कुठे गेले. नदीपार पोचणारी हाक एकच होती. जन्मभर ऐकलेली, स्वतः कधीच न मारलेली ती हाक राघूने बेंबीच्या देठापासून मारली, "तारी होऽऽ!"

सुभद्रा थबकली. हाक आली की हातातले काम टाकून ती कुठल्या काठावरून आली ते ऐकायचे, ही तारीच्या बायकोची सवय. तिने खाली पाहिले. पुढच्या पावलाखाली नुसते पाणी होते.

काढलेल्या फळ्या केव्हाच वाहून गेल्या होत्या. राघूने त्याच दिवशी आपली होडी फोडली आणि तिच्या फळ्या तिथे ठोकल्या. गावापुढे सगळे कबूल केले. तेवढ्याने हेवा गेला असे मात्र नाही. तो म्हणाला, "खुशाल पुलावरून जावा. पण माझ्या फळयेर येताना माका हाक मारूक व्हयी."

पहिली हाक सुभद्रेने मारली, असे सांगतात.

आजही वरातीतली नवरी तिथे थांबते, लाजत का होईना "तारी होऽऽ" म्हणते आणि मगच पुढे जाते. हाक न मारता जाणाऱ्याच्या पायाखाली पूल जरा जास्तच हलतो म्हणे.